आंशिक कवळीसाठी दंतठसा
आंशिक कवळीसाठी दंतठसा म्हणजे काही दात गमावलेल्या रुग्णाचे उरलेले दात व हिरड्या यांचा साचा होय. त्यात जिप्समचे मिश्रण ओतून जबड्याची प्रतिकृती तयार करतात आणि तिच्यावर काढता-घालता येणारी कवळी बेततात.

ठशासाठी तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट सर्रास वापरले जाते. ते पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरतात व घट्ट होईपर्यंत तोंडात स्थिर धरतात. असा ठसा उघडा राहिल्यास पाणी गमावून आकसतो, तर पाण्यात बुडवल्यास फुगतो. म्हणून तो धुऊन व निर्जंतुक करून प्रतिकृती लवकर ओततात. ठसा सदोष असल्यास कवळी नीट बसत नाही, हिरडीला इजा होते आणि आधाराच्या दातांवर अनिष्ट ताण येतो.