भारतीय सांकेतिक भाषेचे अध्यापन

भारतीय सांकेतिक भाषेच्या अध्यापनात खुणांचे पाठांतर व अर्थपूर्ण संवाद ही परस्परपूरक अंगे आहेत.

पाठांतर
हाताचा आकार, स्थान, हालचाल व तळहाताची दिशा यांपैकी एक घटक बदलल्यास खुणेचा अर्थ बदलू शकतो. त्यामुळे अचूक सराव आवश्यक ठरतो. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०२१) १०,००० शब्दांच्या खुणा आहेत.

संवाद
केवळ शब्दसंग्रहातून व्याकरण आत्मसात होत नाही. या भाषेत प्रश्नवाचक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते. ‘तू कुठे राहतोस?’ हा प्रश्न ‘तू–राहणे–कुठे’ अशा क्रमाने विचारला जातो. केवळ खुणा पाठ केलेला विद्यार्थी त्या मराठीच्याच क्रमाने मांडतो. भुवयांची हालचाल व अवकाशाचा वापर प्रत्यक्ष संभाषणातूनच अंगवळणी पडतो.

महत्त्व
बहुतेक कर्णबधिर मुलांचे पालक ऐकू शकणारे असतात. मोजक्या खुणांवर ‘जेव’, ‘झोप’ अशा सूचना देता येतात, मुलाच्या ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून नव्या खुणा शिकवताच त्यांचा गोष्ट, चित्रवर्णन व चर्चेत वापर करून घेणे आणि अध्यापनात कर्णबधिर शिक्षकांचा सहभाग असणे उपयुक्त ठरते.