हे कधी घेतलंत? सामानाच्या एका यादीचा इतिहास

आजचा भाग ऐकताना मागे अधूनमधून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येईल, तो चालवून घ्या. माझं सामान आलंय. पुण्याहून निघालेली अकरा खोकी न्हावाशेव्याला बोटीत चढली आणि जवळपास दोन महिन्यांनी इथे हॅम्बर्गला माझ्या दारात पोचली. तीन कप फुटलेत, बाकी सगळं शाबूत आहे. तबला-डग्ग्याला तर ओरखडासुद्धा नाही.

पण आज सामानाबद्दल नाही, त्याच्या यादीबद्दल बोलायचंय.

परदेशी कायमचं राहायला जाताना घरसामान पाठवायचं तर कस्टम्ससाठी एक यादी करावी लागते. वस्तू कोणती, नग किती, अंदाजे किंमत काय आणि ती केव्हापासून वापरात आहे. हे शेवटचं जीव खातं. पॅकिंगच्या आदल्या रात्री मी आईला विचारत होतो, "आई, पुरणयंत्र कधी घेतलं होतं गं?" ती म्हणाली, "अरे, तुझ्या बारशाला. पण तो सरकारी माणूस बारशाची तारीख कशाला विचारतोय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर असं की युरोपियन युनियनचा २००९ चा एक नियम आहे, क्रमांक ११८६. तुम्ही सलग बारा महिने तरी युरोपबाहेर राहिलेले असाल आणि ती वस्तू तिथे निदान सहा महिने वापरलेली असेल, तर तिच्यावर ड्युटी नाही. आल्यावर बारा महिन्यांच्या आत सामान आणायचं आणि पुढचे बारा महिने ते न सांगता विकायचं नाही, भाड्याने किंवा उसनंही द्यायचं नाही. दारू-तंबाखूला ही सवलत नाही. धंद्याची यंत्रसामग्रीही नाही, पण हातात नेता येतील अशी कलेची साधनं चालतात. तबला त्यातच बसला असता, पण तो माझा बारा वर्षांचा जुना, त्यामुळे प्रश्नच आला नाही. (तुपाचा विचारही करू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईला हे अजून पटलेलं नाही.)

यामागचा विचार साधा आहे. घरसामान म्हणजे माल नव्हे. व्यापारी आणतो तो विकायला, त्यावर कर. माणूस स्वतःचं अंथरूण-पांघरूण घेऊन राहायला येतो, त्याच्यावर कर कशाला लावायचा? अमेरिकेच्या १७९९ च्या जकात कायद्यातसुद्धा येणाऱ्याचे कपडे, बाकीचं वैयक्तिक सामान आणि कारागिराची अवजारं करमुक्त होती. मग घरसामान आणि माल यांतला फरक ओळखायचा कसा? तर वस्तू जुनी आहे का, वापरलेली आहे का हे बघायचं. म्हणून बारशाची तारीख.

इथवर सगळं ठीक होतं. यादीचा एखादा तयार नमुना मिळतोय का म्हणून मी नेटवर 'उमत्सुग्सगुट', म्हणजे स्थलांतराचं घरसामान, हा जर्मन शब्द टाकला. समोर आलं ते एका अभिलेखागारातलं स्कॅन केलेलं पान. टाइपरायटरवर केलेली यादी. चादरी, टॉवेल, चमचे, मुलांचे मोजे, सगळ्याचे नग. आणि पुढे तोच प्रश्न, कधी घेतलं. वर साल होतं १९३९.

त्या रात्री माझी यादी तशीच राहिली. मी हे वाचत बसलो.

हिटलर ३० जानेवारी १९३३ ला जर्मनीचा चॅन्सेलर झाला. त्यानंतर ज्यू लोकांना देशाबाहेर घालवणं हे सरकारी धोरणच होतं, पण त्यांचा पैसा मात्र बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. त्यासाठी एक हत्यार आधीच तयार होतं. १९३१ च्या डिसेंबरात, म्हणजे नाझी सत्तेवर यायच्याही आधी, मंदीच्या काळात भांडवल पळून जाऊ नये म्हणून 'देशत्याग कर' आला होता. दोन लाख मार्कांच्या वर मालमत्ता असेल आणि तुम्ही देश सोडत असाल, तर पंचवीस टक्के सरकारजमा. तो बड्या धेंडांसाठी होता. नाझींनी १९३४ मध्ये मर्यादा पन्नास हजारांवर आणली, आणि त्यात साधे दुकानदार, डॉक्टर, वकीलही सापडले.

उरलेले पैसे गोठवलेल्या खात्यात. ते परकीय चलनात बदलून घ्यायचे तर घट सोसायची, आणि ती घट वर्षागणिक वाढत गेली. १९३९ मध्ये शंभर मार्कांतले जेमतेम चार हातात पडायचे. खिशात घालून न्यायची मुभा होती दहा मार्कांची.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय करेल? पैसे नेता येत नाहीत, पण सामान नेता येतं. मग पैशाचं सामान करायचं. लोकांनी शिलाई मशिनं घेतली, कॅमेरे घेतले, नवे सूट शिवून घेतले. परक्या गावात मशीन असलं तर शिवणकाम करून पोट भरता येतं, कॅमेरा विकता येतो. हे सरकारच्याही लगेच लक्षात आलं, आणि इथे आपला तो निरुपद्रवी प्रश्न पुन्हा येतो.

यादीचे तीन भाग करायला लावले. १९३३ च्या आधी घेतलेल्या वस्तू. १९३३ नंतर घेतलेल्या. आणि देश सोडायचं ठरल्यावर खास त्यासाठी घेतलेल्या. पहिल्या भागातलं बहुतेक जाऊ द्यायचे. तिसऱ्या भागातल्या वस्तूंवर 'गोल्डडिस्काँटबँक' नावाच्या सरकारी बँकेत भरणा करावा लागे, तोही वस्तूच्या खरेदीकिमतीइतका किंवा त्याहून जास्त. शंभर मार्कांचं मशीन घ्या आणि ते नेण्याबद्दल सरकारला आणखी शंभर द्या. 'जुनं' म्हणजे काय, तर हिटलरच्या आधीचं. एखाद्याने १९३५ साली लग्नात घेतलेला पलंग हा या हिशेबात नवाच.

ही यादी अनेक प्रतींत परकीय चलन कार्यालयाकडे द्यायची. तिथून मूल्यमापक घरी यायचा, कपाटं उघडून बघायचा. मंजुरी मिळाली की कस्टम्सच्या माणसासमोर पॅकिंग आणि मग सील. यादीत नसलेली वस्तू खोक्यात सापडली तर जप्ती, शिक्षा, आणि सगळ्यात भीतीचं म्हणजे जाणंच रद्द व्हायची शक्यता. माझ्या एजंटाने फोनवर अगदी सहज सांगितलं होतं, "सर, नवीन कुकरचं खोकं फेकून द्या, आणि यूज्ड लिहा." मीही तसंच लिहिलं. खोटं नको म्हणून त्यात दोनदा भात लावला, एवढंच. पकडलं असतं तर फार तर थोडी ड्युटी भरावी लागली असती.

सगळ्यांनाच सारखं गेलं असं नाही. ओळख आणि पैसा असलेल्यांना वाट सापडली. सिग्मंड फ्रॉइडचं उदाहरण घ्या. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तो ब्याऐंशीच्या घरात, कर्करोगाने थकलेला, व्हिएन्नात होता. त्याच्याकडे प्राचीन मूर्ती आणि वस्तूंचा दोन हजारांहून मोठा संग्रह. संग्रहालयाच्या तज्ज्ञाने त्याची किंमत मुद्दाम कमी, तीस हजार मार्क, लावली, म्हणून तो बाहेर जाऊ शकला. देशत्याग कर एकतीस हजारांच्या वर भरावा लागला. त्यात मारी बोनापार्ट या त्याच्या श्रीमंत शिष्येची मदत झाली. ४ जून १९३८ ला तो निघाला. सामान मागून ऑगस्टमध्ये लंडनला पोचलं, त्यात तो प्रसिद्ध कोचही होता. आणि एक गंमत ऐका. त्या सामानात एक हस्तिदंती विष्णूही होता. भारतीय मनोविश्लेषण संस्थेने त्याच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, कलकत्त्याहून भेट पाठवलेला. कलकत्त्याहून व्हिएन्ना, तिथून लंडन. आज तो तिथल्या फ्रॉइड म्युझियममध्ये आहे. फ्रॉइडच्या चार म्हाताऱ्या बहिणी मात्र व्हिएन्नातच राहिल्या. चौघींचाही शेवट नाझी छळछावण्यांत झाला.

आता हॅम्बर्गकडे येतो, कारण मी राहतो तिथून बंदर ट्रेनने पंधरा मिनिटांवर आहे.

तेव्हा घरसामान 'लिफ्ट' नावाच्या लाकडी पेट्यांतून जायचं. खोलीएवढी पेटी, घरासमोर भरायची, सील करायची, गाडीने बंदरावर आणि क्रेनने उचलून बोटीत. आजच्या कंटेनरची थोरली बहीणच म्हणा. माणसं व्हिसा मिळेल तशी पुढे जायची, लिफ्ट मागून यायची. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं आणि बोटी थांबल्या. हॅम्बर्ग आणि ब्रेमेनच्या गोदामांत अशा हजारो लिफ्ट अडकल्या. मालक न्यूयॉर्क, लंडन, हैफा असे कुठे कुठे पोचलेले. तिथे भाड्याच्या रिकाम्या खोलीत बसून ते पेटीची वाट बघत होते. गोदामाचं भाडं मात्र इकडे चढत होतं.

१९४१ च्या सुरुवातीपासून गेस्टापोने त्या पेट्या लिलावात काढायला लावल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला हुकूम निघाला की देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्व गेलं आणि मालमत्ता सरकारची झाली. म्हणजे आधी जायला भाग पाडलं, आणि मग गेलात म्हणून सामान आमचं. लिलावाच्या जाहिराती वर्तमानपत्रात यायच्या. पुढे त्यात हॉलंड, बेल्जियम, फ्रान्समधल्या ज्यूंच्या घरांतून उचललेलं सामानही मिसळलं. फ्रँक बायोर या इतिहासकाराचा अंदाज आहे की हॅम्बर्ग आणि आसपासच्या निदान एक लाख लोकांनी असं सामान विकत घेतलं. एक लाख! हे सगळे काही नाझी पुढारी नव्हते. बॉम्बहल्ल्यात घर गेलेले होते, नुकतं लग्न झालेले होते, स्वस्तात गालिचा मिळतोय म्हणून आलेले होते. इथे जुन्या बाजारात रविवारी फिरताना मी आता कपबशी उलटी करून बघतो. बघून काही कळत नाही, पण बघतो.

या गोष्टीला एक उलटी बाजू आहे, आणि मला तीच सगळ्यात जास्त धरून ठेवते. ज्या यादीने लुटलं, तीच पुढे पुरावा झाली. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत भरपाईचे दावे सुरू झाले, १९५७ मध्ये त्यासाठी संघीय कायदा आला. दावा करणाऱ्याला विचारलं जायचं, तुमच्याकडे हे होतं कशावरून? तर कस्टम्सच्या फायलीत, त्यांच्याच शिक्क्यासह, मोज्यांपासून पियानोपर्यंत सगळं लिहिलेलं. ब्रेमरहाफेनच्या जर्मन सागरी संग्रहालयात 'लॉस्टलिफ्ट' नावाचा डेटाबेस आहे. त्यात संशोधक अजूनही हे कागद जुळवत कोणाची पेटी कुठे गेली ते शोधतायत. वारसदारांची नातवंडंही तिथे शोध घेऊ शकतात.

एक तपशील मी शेवटी ठेवला, कारण तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

२१ फेब्रुवारी १९३९ ला हुकूम निघाला की ज्यूंनी सोनं, चांदी, हिरे-मोती दोन आठवड्यांत सरकारी गहाणपेढीत जमा करावेत. मोबदला मिळे तो नावापुरता. ठेवता काय येई? लग्नाची अंगठी. चांदीचं घड्याळ. माणशी दोन जणांपुरते सुरी-काटे-चमचे, तेही वापरलेले. आणि चांदीच्या इतर वस्तू, प्रत्येकी चाळीस ग्रॅमपर्यंत, सगळ्या मिळून दोनशे ग्रॅम. हॅम्बर्गच्या मुख्य स्टेशनाशेजारी कला आणि हस्तकला संग्रहालय आहे, तिथे असं जमा झालेलं आणि कोणी परत न्यायला न आलेलं चांदीसामान अजून आहे. गेल्या महिन्यात जाऊन आलो. चमचेच चमचे. काहींवर नावाची आद्याक्षरं कोरलेली, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तशीच.

माझ्या यादीत एकतीस नंबरला 'चांदीची वाटी, १ नग' असं आहे. आजीची. तिच्या लग्नातली, म्हणजे १९६१ ची. मला उष्टावणाला यातूनच खीर भरवली होती म्हणे. कस्टम्सने तिच्याबद्दल काहीच विचारलं नाही, माझं सगळं सामान दोन दिवसांत सुटलं. काल रात्री खोकं उघडल्यावर पहिल्यांदा तीच बाहेर काढली, आणि कणीक मोजायच्या काट्यावर ठेवून बघितली.

बासष्ट ग्रॅम.

चला, अजून चार खोकी उघडायची आहेत. तुमच्या घरातलं कोणी सामान घेऊन देश बदलून गेलं किंवा आलं असेल आणि त्याची यादी कुठे जपून ठेवलेली असेल, तर फोटो काढून मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.