स्कोर किती? : काळी बुरशी आणि चेहऱ्याच्या आत बघणारी यंत्रं

आजच्या भागाची सुरुवात एका आठवणीने करतो. एप्रिल-मे २०२१. कुणाचाही फोन आला की ‘कसे आहात’च्या आधी एकच प्रश्न यायचा, ‘स्कोर किती?’ आठवतंय ना? पंचवीसपैकी नऊ, पंचवीसपैकी चौदा. दहावीच्या निकालासारखं. फक्त इथे जितके मार्क कमी तितकं बरं. फुप्फुसांचे एकूण पाच भाग, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, म्हणून पंचवीस. ‘एचआरसीटी’ हा शब्द त्या दोन महिन्यांत तालुक्याच्या गावातल्या रिक्षावाल्यालाही पाठ झाला होता. ३ मे २०२१ला दिल्लीच्या एम्सच्या संचालकांनी, ऊठसूट सीटी काढू नका, एक सीटी म्हणजे तीन-चारशे एक्स-रे, असं सांगितलं. त्यावर रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने, हा हिशोब जुन्या यंत्रांचा आहे, असं उत्तर दिलं. असो. तो वाद आजचा विषय नाही.

आजचा विषय असा आहे, की सगळा देश छातीचे फोटो काढत असताना चेहऱ्याच्या आत काय चाललं होतं?

यात इतिहासाची एक गंमत आहे. सीटी स्कॅन जन्मालाच आलं ते डोक्यासाठी. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनजवळ विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचा छेद दाखवला. ते नोकरीला होते ईएमआयमध्ये, म्हणजे गाण्यांच्या तबकड्या काढणारी तीच कंपनी. ते पहिलं यंत्र एवढं लहान होतं, की त्यात फक्त डोकंच मावायचं. छाती-पोटाची यंत्रं नंतर आली. १९७९ला हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. आणि पन्नास वर्षांनी त्याच यंत्राच्या दारात आपण रांगा लावल्या, पण छाती दाखवायला.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांचा स्कोर होता नऊ. डायबेटिस जुना. आठ दिवस दवाखान्यात राहून घरी आले. पेढे वाटायचेच बाकी होते. बाराव्या दिवशी म्हणाले, डावा गाल बधिर वाटतोय, दाढ हलतेय. घरात सगळ्यांचं मत एकच, अशक्तपणा असेल. पहिल्या डॉक्टरांनी सायनस म्हणून गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला सांगितलं. आमचं नशीब, काका दाढेसाठी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तोंडात टॉर्च मारला, टाळूकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘दाढ काढणार नाही. आधी एमआरआय करून या. आजच.’

हा आजार नवा नव्हता, हे आधी लक्षात घ्या. म्युकरमायकोसिसचं माणसातलं पहिलं नीट वर्णन १८८५ साली आर्नोल्ड पाल्टाऊफ यांनी केलं, तेही शवविच्छेदनावरून. म्हणजे रॉण्टगेन यांना क्ष-किरण सापडायच्या दहा वर्षं आधी. त्या काळी हा आजार दिसायचा तो माणूस गेल्यावरच. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्सच्या पत्रिकेत तीन रुग्णांची हकिगत छापून आली. तिघांचीही साखर वाढलेली, तिघांच्याही मेंदूपर्यंत बुरशी गेलेली. म्हणजे साखर आणि ही बुरशी यांचं साटंलोटं डॉक्टरांना पाऊणशे वर्षं माहीत होतं. भारतातल्या कान-नाक-घशाच्या वॉर्डात तर असे रुग्ण कोविडच्या आधीही अधूनमधून यायचेच.

आणि हो, ‘काळी बुरशी’ हे नावच जरा फसवं आहे. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत घुसते, आत गुठळी होते, पुढच्या मांसाला रक्त मिळत नाही. ते मांस मरतं आणि काळं पडतं. काळी असते ती मेलेली कातडी. हे समजलं की स्कॅनमध्ये काय शोधायचं तेही समजतं.

सीटीत हाड छान दिसतं. पण हाड झिजलेलं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. सुरुवातीच्या सीटीत दिसते सायनसची सुजलेली अस्तरत्वचा, जी साध्या सर्दीतही दिसते. बुरशी हाड पोखरण्याची वाट बघत बसत नाही. ती रक्तवाहिन्या आणि नसांच्या कडेकडेने सटकते. म्हणून जाणकार रेडिऑलॉजिस्ट आधी बघतात गालाच्या सायनसच्या मागची चरबी. ती निरोगी असेल तर सीटीत स्वच्छ, गडद दिसते. तिथे धुरकट रेघा दिसल्या, हाड शाबूत असलं तरी, की शंका घ्यायची. त्याच्याच मागे एक चिंचोळी पोकळी आहे, टेरिगोपॅलाटाइन फॉसा. नाव अवघड, पण समजा एसटीचं जंक्शन. तिथून डोळ्याच्या खोबणीकडे, टाळूकडे, कवटीच्या तळाकडे, सगळीकडे गाड्या सुटतात. बुरशी या स्टँडवर पोचली की पुढची गाडी कुठली पकडेल सांगता येत नाही.

एमआरआयमध्ये खेळ वेगळा. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. रक्त जिथे पोचतं तिथे औषध पोचतं, आणि तो भाग चित्रात उजळतो. नाकाच्या आत शंखासारख्या वळलेल्या पट्ट्या असतात, टर्बिनेट म्हणतात त्यांना. त्यांना भरपूर रक्तपुरवठा, त्यामुळे त्या दिवाळीच्या माळेसारख्या चमकायला हव्यात. चमकणाऱ्या नाकात एकच पट्टी काळीकुट्ट दिसली, तर तिथलं मांस मेलेलं असण्याची शक्यता. २०१० साली अमेरिकेतल्या न्यूरोरेडिऑलॉजीच्या एका नियतकालिकात या खुणेला ‘ब्लॅक टर्बिनेट साइन’ असं नाव मिळालं. अकरा वर्षांनी आपल्याकडच्या रेडिऑलॉजिस्टांनी ही खूण इतक्यांदा पाहिली असेल, की लिहिणाऱ्यांनी स्वप्नातही कल्पना केली नसेल. अर्थात चित्र म्हणजे निकाल नव्हे. नाकात दुर्बीण घालून तुकडा काढायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे रुंद, फाटे फुटलेले धागे बघायचे, तेव्हा खात्री.

काकांच्या एमआरआयमध्ये डावीकडची एक पट्टी काळी होती. मागची चरबी बिघडलेली. डोळ्याची खोबण मात्र स्वच्छ.

आता आकडे. २८२६ रुग्णांचा ‘कॉस्मिक’ नावाचा मोठा भारतीय अभ्यास जुलै २०२१ मध्ये नेत्रतज्ज्ञांनी छापला. त्यातल्या ७८ टक्के लोकांना मधुमेह होता, ८७ टक्क्यांनी स्टेरॉइड घेतलं होतं. १५ टक्क्यांचा डोळा खोबणीतल्या मांसासकट काढावा लागला. १४ टक्के दगावले. औद्योगिक ऑक्सिजन, वाफ, झिंकच्या गोळ्या, सगळ्यांवर आरोप झाले. माझं मत विचाराल तर मोठं कारण समोरच होतं. इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२०मध्ये दाखवलं होतं, की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनच लागत नाही त्यांना मात्र फायदा नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे पोचला. दुसरा वाटेत कुठेतरी राहिला.

२० मे २०२१ला केंद्राने राज्यांना कळवलं, की साथरोग कायद्याखाली म्युकरची नोंद सक्तीची करा. तो कायदा १८९७चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. बघा, आपल्या आजी-पणजीच्या काळातलं हत्यार परत बाहेर निघालं. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण आणि ४३००हून जास्त मृत्यू नोंदले गेले. सगळ्यांत जास्त रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात.

डोक्या-मानेत कोविडने बाकीही उद्योग केले, ते झटपट सांगतो. इटलीत २०२०च्या वसंतात कोविड वॉर्डात काम करणाऱ्या एका पंचविशीतल्या रेडिओग्राफरबाईंचा वास गेला. म्हणजे फोटो काढणारीच यंत्रात झोपली. एमआरआयमध्ये मेंदूचा वास ओळखणारा भाग उजळलेला दिसला, चार आठवड्यांनी तो डाग गेला. पिसामध्ये अठरा वर्षांच्या मुलीची थायरॉइड ग्रंथी सुजली, ती सोनोग्राफीत सापडली. न्यूयॉर्कमध्ये दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतल्या पाच जणांना मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद होऊन पक्षाघाताचा झटका आला. आणि ब्रिटनमध्ये ज्यांचे मेंदूचे स्कॅन साथीच्या आधीच काढून ठेवले होते अशा ७८५ जणांचे पुन्हा काढले. कोविड झालेल्या ४०१ जणांत वासाशी जोडलेल्या भागांत करडा थर थोडा जास्त पातळ झालेला दिसला. ‘आधीचा फोटो’ हाताशी असणं ही केवढी चैन आहे! आपल्याकडे कुणाकडे होता?

काकांकडे निश्चितच नव्हता. त्यांचा डावा वरचा जबडा अर्धा काढला. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या बाटल्यांसाठी माझा मावसभाऊ चार जिल्हे फिरला. किडनीवर ताण आला, तो उतरला. डोळा वाचला. आज ते टाळूला एक प्लेट लावून जेवतात, प्लेट काढली तर बोलणं गेंगाणं येतं, आणि त्यावर स्वतःच विनोद करतात. त्या एमआरआयची फिल्म कपाटामागे मोठ्या पाकिटात आहे. पाहुणे आले की बाहेर काढतात, खिडकीशी धरतात आणि बोट ठेवून सांगतात, ‘हा बघा, हा काळा. छातीच्या फोटोत हा नव्हता.’

भेटू पुढच्या भागात.