नियमन कोणाचे, अंकुश कोणाचा?

वृत्तपत्रांनी आपल्या चुका आपणच दुरुस्त कराव्यात, हे तत्त्व बहुतेकांना मान्य असते. त्यांनी त्या खरोखर दुरुस्त केल्या की नाही हे कोणी पाहायचे, या प्रश्नापाशी मात्र मतैक्य संपते. चाळीसगावसारख्या जंक्शनच्या गावी, मुंबईहून रेल्वेने येणाऱ्या अंकांवर विसंबणाऱ्या वाचकालाही हा प्रश्न परका नाही. त्याच्या हाती काय पडते, ते या उत्तरावरच ठरते.

साने गुरुजींनी आमच्या खानदेशात, अमळनेरहून, १९३८ साली 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले, तेव्हा उत्तर सरळ होते. १९३१ च्या कायद्यान्वये सरकार छापखान्याकडून व प्रकाशकाकडून जामीन मागू शकत असे आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास तो जप्तही करू शकत असे.

स्वातंत्र्यानंतर न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली निराळा मार्ग सुचविला : वृत्तपत्रांच्या वर्तनाचा निवाडा वृत्तपत्रसृष्टीचेच प्रतिनिधी असलेल्या परिषदेने करावा. कायदा व्हायला १९६५ साल उजाडले. १९६६ च्या जुलैत न्या. मुधोळकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद अस्तित्वात आली. ताकीद द्यावी, निषेध करावा, एवढाच तिचा अधिकार. दंड नाही, बंदी नाही.

या परिषदेला दात नाहीत, अशी तक्रार नेहमी होते. आम्हांस तिचे खरे दुबळेपण अन्यत्र दिसते. ती सरकारच्या कायद्याने जन्मली होती, म्हणून डिसेंबर १९७५ च्या एका वटहुकुमाने तिचा शेवट होऊ शकला. १ जानेवारी १९७६ पासून ती बरखास्त झाली. पुढल्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट'वरील सेन्सॉरची बंदी अवैध ठरविली. न्यायालय उरले होते, परिषद उरली नव्हती. १९७८ च्या नव्या कायद्याने ती १९७९ साली पुन्हा उभी राहिली.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आंतरजालावरील वृत्तप्रकाशकांसाठी तीन पायऱ्या आखल्या : प्रकाशक स्वतः, त्यांची स्वनियमन संस्था आणि सर्वांत वर केंद्र सरकारची देखरेख. पत्रकार निखिल वागळे आदींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये या रचनेच्या मुख्य तरतुदींना स्थगिती दिली.

बेजबाबदार वृत्तपत्राचा जाच सामान्य माणसाला होतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्याविषयी लिहायचे, त्याच्याच हाती अखेरचा शब्द असेल, तर त्याला स्वनियमन म्हणणे भाषेवर अन्याय आहे.