वजन घटले, पण गेले काय?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. उंची-वजनाच्या कोष्टकांप्रमाणे त्यांतले १७ जण लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. कारण, वजन जास्त! मैदानात समोरच्याला आडवे करणारे हे गडी लठ्ठ कसे? बेन्के यांनी त्यांना पाण्यात बुडवून तोलले.

युक्ती आर्किमिडीजची, आपण वर्गात शिकवतो तीच. समजा, एका माणसाचे हवेत वजन ७० किलो भरले आणि पाण्यात, फुप्फुसात उरलेल्या हवेचा हिशेब करून, ३ किलो. म्हणजे त्याचे आकारमान ६७ लिटर आणि घनता सुमारे १.०४५. चरबीची घनता ०.९ च्या आसपास, उरलेल्या शरीराची १.१ च्या आसपास. यावरून विल्यम सिरी यांनी पुढे सूत्र बसवले: ४९५ ला घनतेने भागा, त्यातून ४५० वजा करा. उत्तर येते सुमारे २४ टक्के चरबी. (हे उदाहरण फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे.) बेन्के यांचे बहुतेक खेळाडू घनतेने भरभक्कम निघाले. त्यांचे जादा वजन स्नायूंचे होते. हे निष्कर्ष १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले.

हाच प्रश्न उलट्या बाजूने पुढे आला तो शस्त्रक्रियेमुळे. १९५४ मध्ये मिनेसोटातील क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बराच भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला काढला. रुग्णांचे वजन झपाट्याने उतरू लागले. पण चाळीस किलो गेले त्यात चरबी किती, स्नायू किती? आतड्यातून अन्न शोषले जात नसेल तर प्रथिनेही वाया जातात. वजनकाट्याला यातले काही कळत नाही.

आणि इथे जुनी साधनेही अडखळली. चिमट्याने त्वचेची घडी मोजावी, तर झपाट्याने बारीक झालेल्या माणसाची त्वचा सैल लोंबते. कंबरेला टेप लावली तरी तीच लोंबती त्वचा आड येते. सिरींच्या सूत्रातली १.१ ही घनता चरबीविरहित शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी धरून आलेली. अति लठ्ठ माणसात आणि शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण बदलते. म्हणून शरीरातले पाणी वेगळे मोजावे लागले. त्यासाठी जड पाण्याचा मोजका घोट पाजून ते शरीरात किती पातळ झाले हे पाहतात. १९८०च्या दशकाअखेर दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांचे यंत्र आले, पण सुरुवातीच्या अनेक यंत्रांच्या टेबलावर दीडशे किलोंचा माणूस घेता येत नसे. म्हणजे ज्याला मोजायचे, तोच बाहेर! आज साधारण अंदाज असा, की घटलेल्या वजनाचा चौथा हिस्सा चरबीखेरीजचा असतो.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या वर्गाने वजनाला भागले तर दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. क्ष-किरणांनी दाखवलेली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसंबंधी २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत म्हणूनच इतरांसाठी ३५ असलेली निर्देशांकाची मर्यादा आशियाई लोकांसाठी २७.५ ठेवली आहे.