पातळ पेजेने बाळाची उंची वाढत नाही

वेवजी हे पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील, गुजरात सीमेलगतचे गाव. डहाणू-तलासरीच्या या आदिवासी पट्ट्यात तांदळाची पेज हे घरोघरचे अन्न आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या तोंडी पडणारा पहिला घासही बहुधा पेजेचाच. पेज वाईट नव्हे. बाळासाठी ती फार पातळ केली जाते, हे मात्र घातक ठरते.

वयाच्या मानाने उंची फार कमी राहणे म्हणजे वाढ खुंटणे. असे मूल हडकुळे दिसतेच असे नाही. त्यामुळे केवळ वजनकाट्यावर भिस्त ठेवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. वाढ मुख्यतः सहा ते चोवीस महिन्यांच्या काळात खुंटते आणि पुढे ती भरून निघणे अवघड असते.

सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलीलिटर अन्न मावते. आईच्या १०० मिलीलिटर दुधात सुमारे ६५ कॅलरी असतात, पाणचट पेजेत त्याहूनही कमी. पेजेने पोट भरले की बाळ दूध कमी पिते आणि उलट तोटाच होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून आठव्या महिन्यापर्यंत रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० कॅलरी मिळाव्या लागतात.

म्हणून पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट असावी आणि तीत थोडे तेल घालावे. डाळ, अंडे, शेवग्याचा पाला, पपई, न खारवलेल्या सुक्या जवळ्याची भाजून केलेली पूड यांची भर आलटून-पालटून घालावी. नागलीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते नगण्य. नागलीला मोड आणून, वाळवून केलेल्या पिठाचा आणखी एक गुण आहे. मोड येताना तयार होणारे विकर पिष्टमय पदार्थ फोडते. त्यामुळे असे चिमूटभर पीठ घट्ट खिरीत मिसळून ती पुन्हा उकळली, की पाणी न वाढवताही खीर मऊ होते.

राज्यात दोन वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या पाहणीत ते २३ टक्क्यांवर आले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके खुंटलेली आढळली. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. पुढे सात महिन्यांवरील बालकांसाठी अंडी व केळी तीत आली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाच्या बाळाचा हा वाटा मात्र गावातच राहतो. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेल्यास मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीत नाव नोंदवणे सोपे जाते.