आजारपणाचा वाटा : कामगारांच्या आरोग्यविम्याच्या वादाचा इतिहास



आजारपण कोणालाच चुकलेले नाही. परंतु त्याचा अर्थ सर्वांना सारखा नसतो. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो ताप आला की अंथरुणावर पडतो, औषध घेतो आणि बरा होऊन उठतो. ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर आहे, त्याच्या उंबऱ्यात मात्र तापाबरोबर दोन संकटे एकदम उभी राहतात. खर्च वाढतो आणि त्याच दिवसापासून मिळकत थांबते. मग वाण्याची उधारी, भिशीची उचल, शेवटी बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक. महिन्याने तो कामावर परततो तेव्हा शरीर सावरलेले असते आणि संसार खचलेला असतो. या दुसऱ्या आजारावर औषध कोणते, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, हा वाद जगात सुमारे दीडशे वर्षे चालू आहे. आरोग्यविमा हे त्याला मिळालेले एक उत्तर. मी पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा या वादाची हकीकत ज्याला त्याचे चटके बसतात त्याच्या बाजूने सांगावी, एवढाच माझा हेतू आहे.

पहिला कायदा जर्मनीत झाला, १८८३ साली. तो करणारा पुरुष होता बिस्मार्क. याच बिस्मार्कने १८७८ साली समाजवाद्यांच्या सभा, संस्था आणि वृत्तपत्रे यांवर बंदी घातली होती. पाच वर्षांनी त्याच हाताने त्याने कामगाराच्या पुढे औषधाची बाटली धरली. आजारी कामगाराला तेरा आठवड्यांपर्यंत निम्मे वेतन आणि औषधोपचार मिळावा. वर्गणीचे दोन भाग कामगाराने आणि एक भाग मालकाने द्यावा, अशी योजना होती. जर्मन समाजवादी पक्षाने या कायद्याच्या विरुद्ध मत दिले. त्यांना त्यात कामगारांना चळवळीपासून फोडण्याचा डाव दिसला, आणि तो तसा होताच. परंतु इतिहासाची गती मोठी वाकडी असते. वर्गणीचे दोन भाग कामगारांचे, म्हणून विमानिधींच्या कारभारातही दोन-तृतीयांश जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. ज्यांनी कायद्याला विरोध केला, त्यांचीच माणसे पुढे हे निधी चालवू लागली. हिशेब ठेवणे, डॉक्टरांशी करार करणे, सभा चालवणे यांचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. चळवळ मारण्यासाठी दिलेले औषध चळवळीच्या अंगी लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते? १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपण ऐकून आहोत. परंतु त्यांत आणखी एक मागणी होती. कामावर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू झाला त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. बर्लिनच्या कायद्याला जेमतेम वर्ष झाले होते. आणि परळचा गिरणी कामगार निम्मा पगार मागत नव्हता, पूर्ण मागत होता! आरोग्यविम्याची कल्पना साहेबाने आणून आपल्या हाती ठेवली असे जे म्हणतात, त्यांनी हा अर्ज एकदा पाहावा.

इंग्लंडात हा वाद १९११ साली पेटला. लॉइड जॉर्ज यांच्या कायद्यात कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन असा आठवड्याचा हिशेब होता. चार पेन्स द्या आणि नऊ पेन्सांचे घ्या, असा त्याचा डांगोरा पिटला गेला. मालक कुरकुरले, डॉक्टरांच्या संघटनेने बंड पुकारले, आणि मोलकरणींच्या कार्डांवर तिकिटे चिकटवण्याची पाळी आपल्यावर आली म्हणून बड्या घरच्या बायकांनी लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये सभा भरवली. तथापि खरा प्रश्न विचारला तो मजूर पक्षातल्या काही मंडळींनी. केर हार्डी, लान्सबरी यांचे म्हणणे असे की, ज्याच्या मजुरीत पोटच भरत नाही त्याच्या मजुरीतून कापून त्यालाच औषध देणे हा कोणता न्याय? हा खर्च श्रीमंतांच्या करातून व्हावा. शिवाय औषधोपचार होता तो फक्त कामगाराला. त्याची बायको आणि मुले कायद्याच्या बाहेर होती. ही उणीव दूर व्हायला १९४८ ची राष्ट्रीय आरोग्यसेवा यावी लागली.

आता आपल्या घरी येऊ. १९२७ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने आजारविम्याचे ठराव केले. आपल्याकडच्या सरकारने ते येथे अंमलात आणणे अशक्य म्हणून बाजूला ठेवले. कारणे काय दिली? कामगार फिरस्ता आहे, आजारी पडला की गावी जातो. डॉक्टर आणि दवाखाने पुरेसे नाहीत. आणि पगारातून कपात त्याला रुचणार नाही. पहिले कारण जरा तपासून पाहू. रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा गिरणी कामगार आजारी पडला की गावी जात असे, हे खरे. परंतु का जात असे? आठ-दहा माणसांच्या खोलीत त्याची उशापायथ्याची सोय नव्हती आणि पगार बंद झाला होता, म्हणून! शहरात सोय नाही म्हणून तो गावी जाणार, आणि तो गावी जातो म्हणून शहरात सोय करायची नाही. हे तर्कशास्त्र सरकारी कागदावर कित्येक वर्षे चालले. १९३१ साली व्हिटले कमिशनने, ज्यात ना. म. जोशी एक सभासद होते, या प्रश्नाची पद्धतशीर चौकशी व्हावी असे सांगितले. तरीही पुढची बारा वर्षे परिषदांत आणि पत्रव्यवहारात गेली.

शेवटी १९४३ च्या मार्चमध्ये, डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सभासद असताना, अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले, आणि १९४४ च्या ऑगस्टात त्यांनी अहवाल दिला. मजूर संघटनेचे दोन तज्ज्ञ, स्टॅक आणि राव, यांनी तो तपासला. आजाराबरोबर बाळंतपण आणि कामावरची इजा यांनाही त्याच छत्राखाली आणावे, असे त्यांनी सुचवले. १९४६ च्या नोव्हेंबरात विधेयक मांडले गेले आणि १९४८ च्या एप्रिलात, जगजीवनराम मजूरमंत्री असताना, कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. अशा वेळी एका गरीब देशाने हे केले, याचे मोल कमी लेखू नये.

पण कायदा झाला म्हणजे दवाखाना उघडला असे नव्हे. पहिला पत्रा उचकटायला १९५२ साल उजाडले. विलंबाच्या कारणांत मालकांचा युक्तिवाद प्रमुख होता. योजना एका शहरात लागू झाली तर तेथला माल महाग होईल आणि दुसऱ्या शहरातला मालक आमचे गिऱ्हाईक पळवील, असे ते म्हणत. म्हणून १९५१ साली कायदा दुरुस्त करून, योजना लागू असो वा नसो, देशभरच्या मालकांवर खास वर्गणी बसवली; जेथे योजना लागू तेथे ती जास्त, इतरत्र कमी. त्यानंतर २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात उद्घाटन झाले. दिल्लीतही त्याच दिवशी योजना सुरू झाली. नागपूर आणि मुंबईची पाळी १९५४ साली आली.

त्या काळी कामगारांत दोन मते होती, आणि दोन्हींत तथ्य होते. एक पक्ष म्हणे, पगार आधीच तोकडा. त्यात कपात आजपासून, आणि इस्पितळ केव्हा? भत्ता निम्म्या पगाराएवढा, तोही वर्षात आठ आठवडे, आणि पहिले दोन दिवस कोरडेच. बायकोपोरांना औषध नाही. शिवाय संपाच्या दिवसांचा आजारभत्ता मिळणार नाही, असे कायद्यातच लिहिलेले! दुसरा पक्ष म्हणे, आज मालकाच्या दयेवर असलेली गोष्ट उद्या हक्काची होते आहे. ती पदरात पाडून घ्या आणि वाढवण्यासाठी भांडा. कायद्याचे एक कलम असे होते की, आजारभत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही. नोटिशीच्या धास्तीने तापातही साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला या एका कलमाची किंमत विचारा.

डॉक्टरांचा वाद निराळा होता. मुंबईत पॅनेलची पद्धत आली. वस्तीतल्या खाजगी डॉक्टरकडे कामगारांनी नावे नोंदवायची आणि डोक्यामागे त्याला ठराविक रक्कम मिळायची. यात सोय होती, घराजवळचा ओळखीचा डॉक्टर मिळे. पण रजेचा दाखलाही त्याच्याच हातात. दाखला दिला तर ‘खोटे आजार वाढले’ म्हणून मालकांची ओरड. नाकारला तर कामगार आपले नाव काढून शेजारच्या दवाखान्यात जायचा. खोटे दाखले नव्हतेच असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला हक्काची रजाच पुरेशी नाही तो दाखल्याच्या वाटेने रजा शोधतो, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

भांडून वाढवा म्हणणारा पक्ष पुष्कळ अंशी खरा ठरला. १९५८ पासून कुटुंबांना औषधोपचार मिळू लागला. आठ आठवड्यांचे पुढे ९१ दिवस झाले, भत्ता पगाराच्या ७० टक्क्यांवर गेला. क्षयासारख्या दीर्घ आजारांना जादा मुदत मिळाली. हे सर्व मागून, मोर्चे काढून, समित्यांत भांडून मिळाले.

तथापि तीन उणिवा मुळातच राहिल्या आणि त्या आजही बोचतात.

पहिली, पगाराची मर्यादा. १९४८ साली ती महिना ४०० रुपये होती. १९८५ साली १,६०० झाली, १९९७ साली ६,५००, आणि २०१७ पासून २१,०००. महागाई दर महिन्याला वाढते, मर्यादा मात्र वर्षानुवर्षे एका जागी बसून राहते. आम्ही युनियनवाले करार करून पगार वाढवून आणतो, पेढे वाटले जातात, आणि सहामाही संपली की कामगाराचे विम्याचे कार्ड जाते. ज्याच्या घरी मूत्रपिंडाचा किंवा कर्करोगाचा रोगी आहे, असा माणूस वाढ नको म्हणताना मी पाहिला आहे. पगारवाढ हेच संकट व्हावे, ही रचना कोणत्या शहाणपणाची?

दुसरी, विमा नोकरीला बांधलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगार नाही म्हणून वर्गणी नाही. वर्गणी नाही म्हणून पुढे हक्क नाही. ज्या काळात घरात औषधाची गरज सर्वांत जास्त, नेमका त्याच काळात दवाखान्याचा दरवाजा बंद. पुढे गिरण्याच गेल्या. त्यांच्या जागी कंत्राटी कामगार आला. ठेकेदार त्याच्या पगारातून वर्गणी कापतो; पण ती भरतोच असे नाही. कापलेला पैसा चिठ्ठीवर दिसतो आणि दवाखान्याच्या खिडकीवर नाव सापडत नाही, अशी प्रकरणे आमच्या कचेरीत पावसाळी छत्र्यांसारखी ओळीने येतात.

तिसरी उणीव कारभाराची. महामंडळात कामगारांचे प्रतिनिधी आहेत, पण ते सरकारने नेमलेले, आणि संख्येने थोडे. जर्मनीची गोष्ट येथे आठवा. २०१९ च्या जुलैत वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली, मालकाची ४.७५ ची ३.२५ झाली, कामगाराची १.७५ ची ०.७५. हजारो कोटींची शिल्लक आहे, मग वर्गणी कमी करायला काय हरकत, असा एक विचार. शिल्लक आहे, मग खाटा, डॉक्टर आणि औषधे का वाढवली नाहीत, असा दुसरा. हा प्रश्न ज्यांनी विचारायचा त्यांच्या हाती कारभाराची किल्ली असती, तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. पुढे १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. किल्लीचा प्रश्न मात्र तेथेच आहे.

आता कोणी म्हणेल, २०१८ पासून आयुष्मान भारत आली, महाराष्ट्रात महात्मा फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. मग जुन्या विम्याची कटकट कशाला? या योजनांनी गरिबाला मोठ्या शस्त्रक्रियेचे दार उघडले, हे मी आनंदाने मान्य करतो. पण त्या इस्पितळात दाखल होण्यापुरत्या आहेत. महिनाभर अंथरुणावर पडलेल्याचा बुडालेला पगार त्या देत नाहीत. आरंभी मी दोन संकटे सांगितली. त्यांतले एकच तेथे पाहिले जाते.

म्हणून श्रोतेहो, आरोग्यविम्याची कोणतीही नवी सुधारणा आपल्या पुढे आली की तिच्या नावाकडे आणि छायाचित्राकडे पाहू नका. तीन प्रश्न विचारा. पैसे कोण देतो? बाहेर कोण राहतो? आणि कारभारात कोण बसतो? पहिल्या प्रश्नावर इंग्लंडात १९११ साली भांडण झाले, दुसऱ्यावर आपल्याकडे आजही चालू आहे, आणि तिसरा आपण अजून पुरेशा मोठ्या आवाजात विचारलेलाच नाही. घरकामाची बाई, बांधकामावरचा मजूर, मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा यांना आजारी पडण्याचा हक्क मिळवून द्यायचा असेल, तर तो विचारावा लागेल. परळच्या साडेपाच हजार सह्यांतली ती मागणी अद्याप पुरी व्हायची आहे.